असाध्य क्लैब्य आणि यंत्रदोषांचा विचार : फुगणाऱ्या शिश्न-इम्प्लांटच्या रचनेतील सुधारणा

आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरणाला स्वतंत्र स्थान आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच वाजीकरणाचा अध्याय येतो आणि त्याच स्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे बीजोपघातज, ध्वजभंगज, जराज व शुक्रक्षयज असे चार प्रकार वर्णिलेले आहेत. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सहा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सहज आणि मर्मच्छेदाने आलेले क्लैब्य असाध्य ठरविले आहे. शिश्नाचा छेद किंवा वृषणांचा नाश यांमुळे आलेले क्लैब्य काही आचार्य असाध्य मानतात, अशी नोंद चरकसंहितेतही आढळते. वाजीकरण योगांविषयी आपण वैद्य पुष्कळ बोलतो व लिहितो. या असाध्य कोटीविषयी मात्र क्वचितच लिहितो. प्रस्तुत लेखात आम्ही तिचाच विचार करणार आहोत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैद्यकी करणाऱ्यांना हा विषय अपरिचित नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरील तालुक्यांत आणि वर कुडाळ-कणकवलीच्या बाजूलाही या तक्रारीचा रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडेच येतो, आणि तोही सरळ येत नाही. कंबरदुखी, मूळव्याध, अंगातील कडकी अशी निमित्ते पुढे करून दोन-तीन खेपा होतात. मग दवाखान्यात दुसरे कोणी नाही असे पाहून तो मूळ गोष्ट काढतो. त्यांत मधुमेह जुना झालेला व्यापारी असतो, माडावरून पडून कण्याला मार बसलेला पाडेली असतो, मोटारसायकलच्या अपघातात श्रोणीचे हाड मोडलेला तरुण असतो, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून मुंबईहून गावी परतलेला निवृत्त चाकरमानीही असतो. सर्वांचा प्रश्न एकच असतो : "वैद्यानू, ह्या बरा होतला मां?"

या प्रश्नाला खोटे 'होय' म्हटले तर रुग्णाची वर्षे, पैसा आणि पुष्कळदा त्याचा संसारही पणाला लागतो. नुसते 'नाही' म्हणून त्याला परत पाठविले तर तो जाहिरातींतील भोंदूंच्या हाती सापडतो किंवा मनाने पार खचतो. असाध्यता सांगितल्यावर पुढची वाट कोणती हेही सांगता आले पाहिजे. आधुनिक शल्यतंत्रात अशी एक वाट उपलब्ध आहे. ती म्हणजे शिश्नात बसविण्याचे इम्प्लांट. हे यंत्र काय आहे, पन्नास वर्षांत त्याच्या रचनेत कोणत्या सुधारणा झाल्या, कोणते दोष अजून शिल्लक आहेत आणि ते बसविलेला रुग्ण आपल्यासमोर आला तर काय करावे व काय टाळावे, एवढे ज्ञान प्रत्येक वैद्याजवळ असावे असे आम्हांस वाटते.

असाध्य ठरविण्यापूर्वी

इम्प्लांट हा शेवटचा उपाय आहे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. सुश्रुतांनी मानस क्लैब्याचा प्रकार स्वतंत्र मानला असून त्याला असाध्य कोटीत घातलेले नाही. पहाटे किंवा झोपेत उत्थापन होते, पण पत्नीसमवेत असताना होत नाही, असा इतिहास मिळाल्यास मन, भीती, कलह, मद्य आणि चालू असलेली औषधे यांचा विचार आधी करावा. रक्तदाबावरील किंवा मनोविकारावरील काही औषधांमुळेही हा त्रास होतो; औषध बदलल्यावर तो जातो.

मधुमेह, धूम्रपान, तंबाखू व मेदोवृद्धी असलेल्या रुग्णांत रक्तवाहिन्या आणि चेतातंतू दोन्ही बिघडलेले असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील पाहणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ४० ते ७० वयोगटातील ५२ टक्के पुरुषांमध्ये कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार आढळली. हृदयविकाराची लक्षणे दिसू लागण्याच्या काही वर्षे आधी क्लैब्य प्रकट होऊ शकते, हेही आता सर्वमान्य झाले आहे. कारण शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात आणि त्यांचा मार्ग आधी अरुंद होतो. म्हणून चाळिशीनंतरच्या अशा रुग्णाची रक्तशर्करा, रक्तदाब व हृदय यांची तपासणी करून घेतल्याशिवाय वाजीकरणाचा कल्प लिहून देणे योग्य नव्हे.

त्यापुढे आधुनिक वैद्यकातही उपचारांच्या पायऱ्या आहेत. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल व त्याच्या वर्गातील गोळ्या, निर्वात पंपाचे साधन, आणि शिश्नात सुईने द्यावयाची औषधे, हा तो क्रम होय. कण्याला मार बसलेल्या काही रुग्णांत सुईच्या औषधाने चांगला परिणाम दिसतो. अशा रुग्णास घाईने इम्प्लांटकडे पाठविणे चूकच. या सर्व पायऱ्या निष्फळ झाल्या किंवा रुग्णाला मानवल्या नाहीत, तरच इम्प्लांटचा विचार होतो.

यंत्राची मूळ कल्पना

शिश्नात दोन्ही बाजूंस स्पंजासारख्या ऊतीने भरलेले दोन दंडगोल असतात. त्यांना कॉर्पोरा कॅव्हर्नोझा म्हणतात. त्यांत रक्त भरून राहिले की उत्थापन होते. रक्त भरत नसेल तर त्या पोकळीला आतून आधार द्यावा, अशी ही कल्पना. रशियन शल्यचिकित्सक बोगोरास यांनी १९३६ मध्ये बरगडीच्या कूर्चेचा तुकडा वापरला. पण शरीराने ती कूर्चा हळूहळू शोषून घेतली. १९५२ मध्ये ॲक्रिलिकच्या दांड्यांचा प्रयोग झाला. इजिप्तमधील बेहेरी यांनी १९६६ मध्ये पॉलिथिलीनचे दांडे थेट त्या दोन दंडगोलांच्या आत बसविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि यंत्राची योग्य जागा कोणती हा प्रश्न निकालात निघाला.

१९७३ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी विल्यम ब्रॅडली व जेराल्ड टिम या सहकाऱ्यांसह फुगणारे इम्प्लांट प्रसिद्ध केले. त्याची रचना रक्तदाब मोजण्याच्या यंत्रातील रबरी फुगा डोळ्यांसमोर आणल्यास चटकन समजते. शिश्नात दोन पोकळ नळ्या, ओटीपोटात मिठाच्या पाण्याची पिशवी, वृषणकोशात दाबण्याचा पंप, आणि या सर्वांना जोडणाऱ्या बारीक नलिका. पंप दाबला की पिशवीतील पाणी नळ्यांत जाते व शिश्न ताठ होते. झडप उघडली की पाणी पिशवीत परतते व शिश्न शिथिल होते. पहिल्या यंत्रात फुगविण्यासाठी एक व उतरविण्यासाठी दुसरा, असे दोन पंप होते. १९७५ मध्ये स्मॉल व कॅरियन यांनी सिलिकोनचे अर्धकठीण, न फुगणारे दांडे पुढे आणले. तेव्हापासून आजतागायत हे दोन्ही मार्ग समांतर चालत आले आहेत.

यंत्रदोष आणि त्यांचे निवारण

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात एकशे एक यंत्रे वर्णिली आहेत आणि यंत्रांचे बारा दोषही सांगितले आहेत. यंत्र अतिस्थूल असणे, निकस द्रव्याचे असणे, अतिदीर्घ किंवा अतिह्रस्व असणे, वक्र असणे, शिथिल असणे, पकड नीट न घेणे, असे ते दोष होत. आज आपण ज्या इम्प्लांटविषयी बोलत आहोत ते सुश्रुतांच्या यंत्रांच्या गणनेत बसत नाही, आणि प्राचीनांना ते ठाऊक होते असा दावा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. साम्य आहे ते विचारपद्धतीत. यंत्राचे गुण गाण्याबरोबर त्याचे दोष मोजून लिहून ठेवावेत, म्हणजे पुढचे यंत्र सुधारते, हा तो विचार. फुगणाऱ्या इम्प्लांटचा इतिहास हा जवळजवळ संपूर्णपणे दोष मोजण्याचा इतिहास आहे.

पहिला दोष द्रव्याचा. आरंभीच्या सिलिकोन नळ्या वारंवार फुगल्याने एखाद्या ठिकाणी अशक्त होत आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तसा तेथे फुगा येई. नलिका मुरडल्या जात. बागेला पाणी लावताना पाइप मुरडला की पाणी थांबते, तसेच येथे घडे. जोडांतून पाणी गळे. या बिघाडांमुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या रुग्णांचे प्रमाण फार मोठे होते. उपाय म्हणून न मुरडणाऱ्या नलिका आल्या. १९८३ मध्ये दुसऱ्या एका उत्पादकाने सिलिकोनऐवजी अधिक चिवट पॉलियुरेथेनच्या नळ्या आणल्या. १९८७ मध्ये तीन थरांची नळी आली. तिच्यात सिलिकोनच्या दोन थरांमध्ये विणलेले कापड घातल्याने नळी ठरावीक जाडीपलीकडे फुगेनाशी झाली. पुढे थरांच्या आपसांतील घर्षणाने झीज होते असे आढळल्यावर पृष्ठभागांवर पॅरिलीन या द्रव्याचा पातळ लेप देण्यात येऊ लागला.

दुसरा दोष मापाचा. नळी अतिदीर्घ झाली तर तिचे टोक ऊतींना टोचत राहते आणि कालांतराने बाहेर पडू शकते. अतिह्रस्व झाली तर शिश्नमणी आधाराअभावी खाली झुकतो. म्हणून निरनिराळ्या लांबीच्या नळ्या आणि त्यांच्या मुळाशी बसविण्याची छोटी टोपणे तयार झाली. शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या वेळी माप घेऊन ती निवडतो. १९९० च्या सुमारास जाडीबरोबर लांबीतही वाढणारी नळी आली. काही रुग्णांत ती वाकडी होऊ लागली. तेव्हा १९९३ मध्ये तिच्या कापडाची रचना बदलण्यात आली. सुश्रुतांच्या यादीतील 'वक्र' हा दोष येथे जसाच्या तसा भेटतो.

तिसरा आणि सर्वांत भयंकर दोष जंतुसंसर्गाचा. परक्या द्रव्यावर त्वचेवरील जंतू चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि मग पोटातून दिलेले प्रतिजैविक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी संपूर्ण यंत्र काढावे लागते. काढल्यावर आतील ऊती आकसतात आणि दुसरे यंत्र बसविणे कठीण होते. २००१ मध्ये रिफाम्पिसिन व मिनोसायक्लिन ही दोन प्रतिजैविके यंत्राच्या पृष्ठभागातच मुरविलेले इम्प्लांट आले. पुढच्याच वर्षी पाणी धरून ठेवणाऱ्या लेपाचे इम्प्लांट आले. ते बसविण्यापूर्वी शल्यचिकित्सकाच्या निवडीच्या प्रतिजैविक द्रावणात बुडविता येते. पहिल्या प्रकारच्या यंत्रांच्या सुमारे पावणेआठ वर्षांपर्यंतच्या नोंदी २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार प्रतिजैविकयुक्त यंत्रांत जंतुसंसर्गामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १.१ टक्के, तर साध्या यंत्रांत २.५ टक्के होते. निम्म्याहून अधिक घट झाली. पण दोष शून्यावर आला नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

चौथा दोष पिशवीचा. ओटीपोटातील पिशवीभोवती कालांतराने कठीण आवरण तयार होते. पोटावर जोर आला की पिशवीतील पाणी आपोआप नळ्यांत शिरते आणि नको त्या वेळी शिश्न ताठ होते. दिवसभर रापण ओढणाऱ्या किंवा होडी ढकलणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा दोष किती अवघड ठरेल, हे मालवणच्या किनाऱ्यावर वेगळे सांगण्याची गरज नाही. २००० च्या सुमारास पिशवीच्या तोंडाशी अडसर घालणारी झडप आली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. प्रोस्टेटची किंवा आंत्रवृद्धीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत पिशवीची नेहमीची जागा व्रणवस्तूने भरलेली असते व तेथे मूत्राशयाला किंवा मोठ्या शिरेला इजा होण्याचा धोका असतो. अशांसाठी पोटाच्या स्नायूंच्या मागे बसणाऱ्या चपट्या पिशव्या तयार करण्यात आल्या.

पाचवा दोष पंपाचा. जुन्या पंपात पाणी उतरविण्यासाठी झडप बोटांनी बराच वेळ दाबून धरावी लागे. संधिवाताने बोटे वाकलेल्या, मधुमेहाने स्पर्शज्ञान मंदावलेल्या किंवा जाळी ओढून हात राठ झालेल्या माणसाला ते जमत नसे. २००६ मध्ये काही क्षण दाबून सोडून देता येईल असा, आणि २००८ मध्ये एकाच स्पर्शाने उतरणारा पंप आला. तरीही पंप हाताने हाताळावाच लागतो. तो दोषही टाळावा म्हणून अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात उष्णता मिळताच मूळ आकारात येणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे इम्प्लांट तयार करण्याचे संशोधन झाले. त्यात पाणी, पिशवी व पंप यांची आवश्यकताच नसते. प्रयोगशाळेतील चाचण्यांत त्याची ताठरता नेहमीच्या इम्प्लांटशी ताडून पाहण्यात आली.

इतक्या सुधारणांनंतर यंत्र टिकते किती? एकाच शल्यगटाने दोन दशकांत प्रथमच इम्प्लांट बसविलेल्या २,३८४ रुग्णांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध केला. दहा वर्षांनंतर सुमारे ६८ टक्के आणि पंधरा वर्षांनंतर सुमारे ६० टक्के रुग्णांना पुनर्शस्त्रक्रियेची गरज पडली नव्हती. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी इम्प्लांट बसविणाऱ्या रुग्णाला साठीपर्यंत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा संभव बराच आहे, आणि हे त्याला आधीच समजले पाहिजे.

मुंबईत घडलेली एक रचना

फुगणाऱ्या परदेशी इम्प्लांटचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. आंबा-काजूच्या हंगामावर किंवा होडीतील वाट्यावर घर चालविणाऱ्या माणसाच्या तो आवाक्याबाहेरचा आहे. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शाह यांनी भारतीय परिस्थिती ध्यानात घेऊन सिलिकोनचे अर्धकठीण इम्प्लांट तयार केले. ते 'शाह इम्प्लांट' या नावाने ओळखले जाते व भारतातच तयार होते. त्यात पंप नाही, पिशवी नाही. दांड्याचा पुढील भाग कठीण असून मुळाशी बिजागरीसारखा मऊ भाग आहे. त्यामुळे शिश्न एरवी खाली वळवून कपड्यांत झाकून ठेवता येते. दांड्यावर सिलिकोनची काढता येणारी आवरणे असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी माप घेऊन शल्यचिकित्सक आवश्यक तेवढी आवरणे ठेवतो आणि एकाच दांड्याची जाडी कमी-अधिक करतो. प्रत्येक जाडीचा वेगळा साठा रुग्णालयाला बाळगावा लागत नाही.

अर्धकठीण इम्प्लांट कायम ताठच राहते. ते पूर्ण शिथिल होत नाही, एकत्र कुटुंबात किंवा होडीवर इतरांसमवेत कपडे बदलताना ते लपविणे अवघड जाते, आणि आतून सतत दाब राहिल्याने स्पर्शज्ञान कमी असलेल्या रुग्णांत टोक ऊतींतून बाहेर येण्याची भीती असते. उलटपक्षी त्यात बिघडण्यासारखे भाग नाहीत, शस्त्रक्रिया तुलनेने सोपी आहे, आणि बोटांनी पंप हाताळता न येणाऱ्याला तेच सोयीचे आहे. तेव्हा महाग ते चांगले, असा हिशेब येथे नाही. रुग्णाचे वय, हातांची स्थिती, व्यवसाय, घरातील परिस्थिती आणि पैसा पाहून निवड करावी लागते. शल्यचिकित्सकाशी बोलण्यापूर्वी या गोष्टी रुग्णाच्या मनात स्पष्ट करून देणे हे गावच्या वैद्याला उत्तम जमण्यासारखे काम आहे. कारण रुग्णाचे घर व व्यवसाय त्याला ठाऊक असतो.

रुग्णाला काय सांगावे

इम्प्लांटविषयी रुग्णांच्या मनांत अवास्तव कल्पना असतात. यंत्राने ताठरता मिळते. कामेच्छा वाढत नाही. संवेदना, तृप्ती व वीर्यपतन पूर्वी होते तसेच बहुधा राहतात. जे पूर्वीच गेलेले आहे ते यंत्राने परत येत नाही. लांबी वाढत नाही, किंबहुना ती पूर्वीपेक्षा थोडी कमी वाटते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या असंतोषाचे ते एक मोठे कारण आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दांडा किंवा नळी बसविताना आतील स्पंजासारखी ऊती दबते व नष्ट होते. नंतर यंत्र काढले तरी नैसर्गिक उत्थापन परत येईल अशी आशा धरता येत नाही. ज्याच्या क्लैब्याचे मूळ मनात आहे किंवा ज्याला औषधाने गुण येण्याचा संभव आहे, त्याला या वाटेने पाठविणे म्हणजे साध्य व्याधीला असाध्य करणे होय.

हे बोलणे शक्यतो पत्नीच्या उपस्थितीत व्हावे. आपल्याकडे पुरुष हा विषय घरात काढत नाही, आणि पत्नी आपल्यावरच दोष घेऊन गप्प राहते. कोकणातील मुरुडच्या र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून या विषयांवर मराठीत उघडपणे लिहिले. इतक्या वर्षांनंतरही आपल्या दवाखान्यांत हा संकोच पुरता गेलेला नाही. वैद्याने दार लावून, घाई न करता, दोघांशी शांतपणे बोलावे.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. नपुंसकतेवरील उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई आहे. तरीही 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक तथाकथित वनौषधी उत्पादनांत सिल्डेनाफिलसारखी द्रव्ये गुपचूप मिसळलेली आढळलेली आहेत. छातीतील दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे घेणाऱ्या रुग्णाने असे उत्पादन घेतले तर रक्तदाब एकदम खाली जाऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून घटक ठाऊक नसलेला कोणताही कल्प आपण देऊ नये आणि रुग्ण बाहेरून काय घेत आहे हे आवर्जून विचारावे.

इम्प्लांट बसविलेला रुग्ण आपल्याकडे आल्यास

शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होते, पण नंतरच्या तक्रारी घेऊन रुग्ण गावातच येतो. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

वृषणकोशात लागणारी गाठ पंपाची असू शकते. ग्रंथी किंवा वृद्धी समजून तेथे तीक्ष्ण लेप, स्वेद, जलौकावचारण, अग्निकर्म किंवा सुई यांपैकी काहीही करू नये. संकोचामुळे रुग्ण शस्त्रक्रिया झाल्याचे स्वतः सांगत नाही. म्हणून मधुमेही व अपघातग्रस्त पुरुषांत हा प्रश्न आपणच विचारावा.

उत्तरबस्ती आणि मूत्रमार्गात नळी घालणे, या दोन्ही गोष्टी अशा रुग्णांत शल्यचिकित्सकाला विचारल्याखेरीज करू नयेत. यंत्र फुगलेले असताना मूत्रमार्गात नळी घातली तर इजा होऊन यंत्र मूत्रमार्गात उतरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत अवगाह, स्थानिक अभ्यंग व बस्तिकर्म यांबाबतही हाच नियम पाळावा.

सतत वाढणारी वेदना, लाली, ज्वर, व्रणातून स्राव, किंवा पंप वृषणकोशाच्या त्वचेला आतून चिकटून बसणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. येथे गुग्गुळाचा कल्प देऊन आठवडाभर वाट पाहणे घातक ठरते. वेळीच पोहोचलेल्या रुग्णांत जुने यंत्र काढून, जागा जंतुनाशक द्रावणांनी धुऊन, त्याच शस्त्रक्रियेत नवे यंत्र बसविण्याची पद्धत आहे. उशीर झाला की ती संधी जाते. सिंधुदुर्गातील रुग्णाला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयापर्यंत लगेच पोहोचणे शक्य नसल्यास त्याला बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे, आणि सोबत यंत्राच्या नोंदीचे कार्ड द्यावयास सांगावे.

शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह आटोक्यात आणणे, तंबाखू सोडविणे, त्वचेवरील फोड व नायटे बरे करणे ही कामे आपल्या हातची आहेत आणि संसर्ग टाळण्यात त्यांचे मोल मोठे आहे. आपण देत असलेल्या सर्व औषधांची यादी मात्र शल्यचिकित्सकाच्या हाती जाईल अशी व्यवस्था करावी.

समारोप

फुगणाऱ्या इम्प्लांटमध्ये पन्नास वर्षांत ज्या सुधारणा झाल्या त्या कोणा एकाच्या प्रतिभेने एका दिवसात झालेल्या नाहीत. किती नळ्या फुटल्या, किती रुग्णांना संसर्ग झाला, किती जणांना पंप दाबता आला नाही, हे शल्यचिकित्सकांनी व निर्मात्यांनी मोजले, छापले आणि त्या-त्या दोषावर उपाय शोधला. यंत्रदोषांची गणना करणारी परंपरा तर आपलीच आहे. मग क्लैब्यावरील आपल्या चिकित्सेचे दोष आपण का मोजू नयेत?

आमची सूचना अगदी साधी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक वैद्याने या तक्रारीच्या रुग्णांची, नाव न लिहिता, एक वही ठेवावी. वय, कारण, संहितोक्त प्रकार, मधुमेहाची वर्षे, दिलेला कल्प, आणि तीन महिन्यांनंतर काय झाले, एवढेच तिच्यात लिहावे. गुण न आलेले रुग्णही तितक्याच काळजीने नोंदवावेत, किंबहुना त्यांची नोंद अधिक मोलाची आहे. काही वर्षांनी अशा वह्या एकत्र केल्या तर कोणत्या प्रकारात आपला कोणता योग उपयोगी पडतो आणि कोठे रुग्णाला अकारण थांबवून ठेवले जाते, हे आपल्यालाच कळेल. मग पाडेली असो वा चाकरमानी, तो जेव्हा दार लोटून आपला प्रश्न विचारील, तेव्हा त्याला अनुभवाच्या आधारे खरे उत्तर देता येईल, आणि उत्तर 'नाही' असे असले तरी त्यापुढची वाटही दाखविता येईल.